ट्रू, फॉल्स आणि आजीची म्हैस

"आरं बाबा, माझ्या गोठ्यात गाय बघितलीस का कवा तू?"

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत, दहा दिवसांच्या बिलाची चिठ्ठी माझ्यासमोर नाचवत एका आजींनी हा प्रश्न विचारला. त्यांच्याकडं दोन म्हशी. चिठ्ठीवर मात्र रोज सकाळी म्हशीचं दूध, रोज सकाळीच पुन्हा गाईचं दूध, आणि संध्याकाळचा रकाना मोकळा. संकलनाचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. आजींचा हिशेब तोंडपाठ होता, माझा संगणकात होता, आणि चुकला होता माझा.

चूक सापडायला दोन तास लागले, दुरुस्त करायला दोन मिनिटं. दूध आलं की संगणक जी ओळ चालवायचा ती अशी होती. वाचायच्या सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहितो. तसं फंक्शनचं (ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) आणि चलांचं नाव देवनागरीत ठेवलं तरी पायथन 3 ही संगणकाची भाषा तक्रार करत नाही, फक्त ट्रू-फॉल्ससारखे (खरं-खोटं) तिचे स्वतःचे शब्द रोमनच लागतात.

नोंद(117, 4.5, 7.2, 9.1, फॉल्स, ट्रू)

117 हा सभासद क्रमांक. 4.5 लिटर, 7.2 फॅट, 9.1 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). दुधाच्या धंद्यातला माणूस इथवर न सांगता वाचेल. पुढचे फॉल्स आणि ट्रू कशाचे? फंक्शन लिहिताना मी क्रम ठरवला होता: आधी 'म्हैस आहे का', मग 'सकाळ आहे का'. ते वापरताना मात्र डोळ्यासमोर छापील चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर आधी वेळ येते, मग जनावर. म्हणून मी आधी सकाळ दिली आणि मग म्हैस. संगणकाला काय, दोन्ही खरं-खोटंच. त्यानं मुकाट्यानं घेतलं.

आता यातली गंमत बघा. सकाळी म्हशीचं दूध आलं तर दोन्ही उत्तरं ट्रू, अदलाबदल झाली तरी नोंद बरोबर. संध्याकाळी गाईचं आलं तर दोन्ही फॉल्स, तीही बरोबर. चूक व्हायची ती फक्त सकाळची गाय आणि संध्याकाळची म्हैस या दोन जोड्यांत: पहिली संध्याकाळची म्हैस व्हायची, दुसरी सकाळची गाय. मी चाचणी कधी घेतली? सकाळी. कशावर? पहिल्या किटलीवर, आणि त्या गावात पहिली किटली म्हशीचीच असणार. चिठ्ठी आली, सचिवांनी मान डोलावली, मी चहा घेऊन कोल्हापूरला परत आलो. दहा दिवस संध्याकाळचं म्हशीचं दूध गाईच्या दरानं लागत राहिलं.

त्या बिलाचा फरक पुढच्या बिलात दिला गेला आणि विषय मिटला. माझ्यासाठी मिटला नाही, कारण मी ही चूक निष्काळजीपणाची मानत नाही. त्या ओळीकडं मी नंतर पन्नासदा पाहिलं. ती ओळ पाहून ती चुकीची आहे हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. बरोबर ओळ आणि चुकीची ओळ दिसायला एकसारखीच होती. जी ओळ वाचून तिच्यातली चूक दिसू शकत नाही, ती लिहिण्याची पद्धतच बदलायला हवी, असं माझं मत तेव्हापासून आहे. तीच ओळ अशी लिहिता आली असती:

नोंद(सभासद=117, लिटर=4.5, फॅट=7.2, एसएनएफ=9.1, सकाळ=फॉल्स, म्हैस=ट्रू)

याला कीवर्ड आर्ग्युमेंट म्हणतात. फंक्शनला माहिती देताना नुसती किंमत (म्हणजे आकडा किंवा खरं-खोटं) न देता, ती कुणाची किंमत हे नावानिशी सांगायचं. नाव घेतलं की क्रमाला महत्त्व उरत नाही. सकाळ आधी लिहा की म्हैस आधी, जी गोष्ट जिथं जायची तिथंच जाते. पायथन शिकणाऱ्याला ही सोय पहिल्या महिन्यात भेटते. पण ती 'सोय' म्हणून भेटते, हवी तर वापरा अशी. मी म्हणतो ती शिस्त म्हणून शिकवावी, आणि लोकांच्या पैशाला हात लावणाऱ्या प्रोग्राममध्ये तर तिची सक्ती असावी.

सक्ती म्हटलं की आमच्या क्षेत्रातले मित्र भुवया उंचावतात. त्यांच्याकडं येतोच. आधी आणखी एक उदाहरण, कारण दुधाच्या गोष्टीला 'तुझी चूक होती' असं म्हणून बाजूला सारता येतं.

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कोल्हापुरात नकाशांची हौस आली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. तेव्हा पूरग्रस्त गावं, निवारे, बोटी यांचे ठिपके नकाशावर मांडायचे उद्योग अनेकांनी केले, आम्हीही केले. कोल्हापूर साधारण 16.7 अक्षांश आणि 74.24 रेखांशावर आहे. वेब नकाशांत खूप वापरली जाणारी लीफलेट ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आधी अक्षांश मागते. जिओजेसन या फाइलप्रकारात मात्र आधी रेखांश लिहायचा असतो. दोघांची गाठ घातली की एकदा तरी उलटापालट होतेच. आमची झाली, आणि आमचा निवारा नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या जवळ समुद्रात जाऊन बसला. हसून झालं, ठिपका दुरुस्त केला.

पण हे हसं झालं ते नकाशा डोळ्यासमोर होता म्हणून. त्याच दोन आकड्यांतून नुसतं अंतर काढणारं फंक्शन असतं तर? अंतर(16.70, 74.24, 16.73, 74.60) असे चार आकडे, सगळे सुटे, सगळे अपूर्णांकी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाचं बरं असतं. तिथला रेखांश उणे 122 असा काही असतो, तो अक्षांशाच्या जागी गेला तर 90 च्या बाहेर पडतो आणि प्रोग्राम ओरडू शकतो. आपला 74 मात्र 90 च्या आतच आहे, त्यामुळं अक्षांश म्हणूनही तो खपतो. मग उत्तर काय येतं? कोल्हापूरहून शिरोळ जवळजवळ सरळ पूर्वेला. अक्षांश-रेखांश उलटे देऊनही हे अंतर फार तर चार-पाच टक्क्यांनी बदलतं. कोल्हापूरहून भुदरगड तालुक्यातलं गारगोटी दक्षिणेला, ते अंतर मात्र निम्म्याहून कमी येतं, कारण इतक्या उत्तरेकडच्या अक्षांशावर रेखांशांमधली जागा विषुववृत्तापेक्षा चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे शिरोळवर चाचणी घेतलेला माणूस निर्धास्त, आणि बोट निघाली भुदरगडकडं.

पुन्हा तेच. चूक अर्धी बरोबर असते. जागांची अदलाबदल झालेली चूक सहसा पूर्ण चुकीचं उत्तर देत नाही, पटण्यासारखं चुकीचं उत्तर देते. त्यामुळं 'चाचणी नीट घ्या, मग नावं लागत नाहीत' हा सल्ला मला अपुरा वाटतो. चाचणी घेणारा माणूस आपल्याला सोयीची किटली उचलतो.

सी भाषेतले जुने लोक यावर मान हलवतील. त्यांच्याकडं मेमरीतली जागा एकाच किमतीनं भरणारं मेमसेट नावाचं फंक्शन आहे. जागा, भरायची किंमत, किती बाइट, या क्रमानं द्यायचं. शेवटचे दोन उलटे झाले आणि 'शून्य भर' असं म्हणायचं होतं, तर ते 'शून्य बाइट भर' असं होतं. म्हणजे काहीच भरत नाही, आणि काहीच बोलतही नाही. ही चूक इतकी नेहमीची की जीसीसी या कंपायलरमध्ये (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) खास तिच्यासाठी इशारा घातलेला आहे. एका फंक्शनच्या दोन जागा लोक उलटवतात म्हणून कंपायलरमध्ये खास इशारा ठेवावा लागतो, यात दोष माणसांचा किती आणि त्या जागांचा किती?

माझे थोरले काका कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यात सीएनसी लेथवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या कातणी यंत्रावर) होते. दहावी झालेले, इंग्रजी बेताचं. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांनी एकदा त्यांचा प्रोग्राम दाखवला होता. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपण शिकतोय ते खरं प्रोग्रामिंग, हे यंत्राचं काम, असा माज होता. त्यातली एक ओळ साधारण अशी असायची:

जी 01 एक्स 50 झेड -20 एफ 0.2

सरळ रेषेत काप घेत एक्स 50 आणि झेड उणे 20 ला जा, एका फेऱ्याला 0.2 मिलिमीटर पुढं सरक. प्रत्येक आकड्याच्या आधी अक्षर आहे आणि ते अक्षरच सांगतं की हा आकडा कुणाचा. झेड आधी लिहा, एक्स नंतर लिहा, यंत्र तेच करतं. ही कीवर्ड आर्ग्युमेंटच आहेत, नाव एका अक्षराचं असलं म्हणून काय झालं.

आणि हे पहिल्यापासून असं नव्हतं. कागदी पट्टीला भोकं पाडून यंत्रं चालवायच्या सुरुवातीच्या काळात एक पद्धत अशी होती की अक्षरं नाहीत, नुसते आकडे, ठरलेल्या क्रमानं. एखादी किंमत बदलायची नसली तरी पुन्हा लिहायची, कारण जागा चुकली की पुढचं सगळं चुकलं. मग टॅबची खूण घालून मोकळी जागा सोडायची पद्धत आली. शेवटी टिकली ती अक्षरवाली पद्धत, आणि आज उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत जी यंत्रं चालतात त्यांचा प्रोग्राम तसाच लिहिला जातो. लेथवर जागा चुकली की टूल जॉबमध्ये (कापायच्या मालात) घुसतं, आवाज येतो, इन्सर्टचे (टूलच्या कापणाऱ्या टोकाचे) तुकडे उडतात, मालक केबिनमधून बाहेर येतो. तिथं चुकीची किंमत लगेच आणि रोख मोजावी लागते. म्हणून त्या धंद्यानं हे शहाणपण लवकर उचललं असावं, असा माझा तर्क. आमच्या धंद्यात चूक दहा दिवसांनी आजी घेऊन येतात.

पण काकांच्या त्याच कागदांनी मला दुसरंही शिकवलं. नाव आहे म्हणजे झालं, असं नाही. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर जी 71 ही रफिंगची (जादा माल आधी काढून टाकायची) सायकल बहुधा दोन ओळींत लिहितात. पहिल्या ओळीतला यू म्हणजे एका कापाची खोली. लगेच दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगसाठी एक्सच्या बाजूनं राखायचा माल. अक्षर एक, अर्थ दोन. नवा पोरगा हमखास तिथं अडखळतो. जी 04 म्हणजे ठरावीक वेळ थांब. फॅनुकवर पी 2000 म्हणजे 2000 मिलिसेकंद, दोन सेकंद. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोलवर पी सेकंदांत मोजतात, तिथं पी 2000 म्हणजे यंत्र अर्ध्या तासाहून जास्त वेळ ढिम्म. नाव तेच, एकक वेगळं. आमच्याकडंही थांबण्यासाठीचं पायथनचं स्लीप सेकंदांत आणि जावास्क्रिप्टचं सेटटाइमआउट मिलिसेकंदांत. म्हणून मी नावाचा आग्रह धरतो तेव्हा नुसतं 'वेळ=2' चालत नाही. 'सेकंद=2' हवं. 'पातळी=43' नको, 'पातळी_फूट=43' हवं.

आता मुख्य वाद. नाव कुठं घ्यायचं आणि कुठं नाही? सगळीकडंच घ्यायचं म्हटलं तर कोड सरकारी अर्जासारखा होतो. वर्गमूळ(संख्या=9) असं लिहिणाऱ्याला मी हसेन. सर्वांत_मोठा(3, 8) यात कुठला तीन आणि कुठला आठ याला काही अर्थच नाही.

याचं उत्तर मला संगणकाच्या पुस्तकात मिळालं नाही, मराठीत मिळालं. 'आईनं पोराला चमच्यानं भात भरवला' हे वाक्य कसंही फिरवा. पोराला आईनं, भात चमच्यानं, काहीही. अर्थ हलत नाही, कारण कोण काय हे प्रत्यय सांगतात, जागा सांगत नाही. इंग्रजीत कोण कुणाला चावलं हे जागेवरून ठरतं, आपल्याकडं 'नं' आणि 'ला' वरून. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकताना वैताग आला होता, पण त्या तक्त्यात कीवर्ड आर्ग्युमेंटचं सगळं तत्त्व आहे. (त्यातही यूचा घोटाळा आहेच. 'आईनं' आणि 'चमच्यानं', प्रत्यय एकच, एक कर्ता आणि एक साधन. आपण समजून घेतो, कारण चमचा कुणाला भरवत नाही हे आपल्याला माहीत असतं. संगणकाला नसतं.)

पण नीट ऐकलं तर त्या वाक्यात 'भात'ला काहीच प्रत्यय नाही. 'आई भाकरी थापते' यात भाकरीला कुणी 'ला' लावत नाही. का? कारण भाकरी आईला थापेल अशी शक्यताच नाही. 'आई पोराला मारते' म्हणताना मात्र 'ला' लागतोच, कारण पोरगंही हात उगारू शकतं. उलटं होण्याचा धोका जिथं, तिथं मराठी खूण करते. जिथं धोका नाही, तिथं खूण गाळून मोकळी होते. पिढ्यान्पिढ्या बोलून घासून आलेला नियम आहे हा, कुठल्या समितीनं केलेला नाही.

तोच नियम मी कोडला लावतो. दोन किमतींची अदलाबदल झाली तरी ओळ चालेल आणि उत्तर पटेल, अशी परिस्थिती असेल तर नाव घ्या. दोन खरं-खोटं, दोन तारखा, दोन खाती, अक्षांश आणि रेखांश, रुंदी आणि उंची, दर आणि सूट. खात्यातून खात्यात पैसे पाठवणारं फंक्शन हे तर पोराला मारण्याचंच वाक्य आहे. पाठवा(1042, 2210, 5000) यात कोण देतो आणि कोण घेतो? पाठवा(खात्यातून=1042, खात्यात=2210, रुपये=5000) यात विचारायचं कारणच उरत नाही. 'तून' आणि 'त', आपले प्रत्ययच थेट नावात आले, बघा. आणि छापा('नमस्कार') मध्ये भाकरीच आहे, तिथं नाव नको.

हे सगळं नवं नाही. स्मॉलटॉक भाषेत 1970 च्या दशकात संदेशाच्या नावातच प्रत्येक किमतीची ओळख गुंफलेली असायची. ऑब्जेक्टिव्ह-सीनं ते उचललं, आणि 2014 मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये तर नाव घेणं हा नेमच आहे, न घ्यायचं असेल तर फंक्शन लिहिणाऱ्यानं तशी मुद्दाम सूट द्यावी लागते. अमेरिकी संरक्षण खात्यासाठी बनलेल्या, 1983 मध्ये प्रमाणित झालेल्या एडा भाषेत नावानं किंमत देता येत होती. लिहिणाऱ्याच्या सोयीपेक्षा वाचणाऱ्याची सोय मोठी, हे त्या भाषेचं उघड धोरण होतं. सी-शार्पमध्ये ही सोय 2010 मध्ये आली, पीएचपीमध्ये 2020 मध्ये. पीएचपीला ती इतक्या उशिरा मिळाली याचं मला नवल वाटतं, कारण तिच्या एका फंक्शनमध्ये आधी गवताची गंजी (ज्यात शोधायचं ते) आणि मग सुई (जे शोधायचं ते), तर दुसऱ्यात आधी सुई आणि मग गंजी, हा विनोद फार जुना आहे. जावात अजूनही नाही.

पायथनमध्ये एक सोय आहे जी मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यांत कमी शिकवली जाते. 2008 मध्ये पायथन 3.0 आलं तेव्हापासून फंक्शनच्या व्याख्येत एक सुटी तारका टाकता येते. तारकेनंतरचं सगळं नाव घेऊनच द्यावं लागतं. नाहीतर ओळ चालतच नाही, जागच्या जागी एरर.

डेफ नोंद(सभासद, लिटर, *, फॅट, एसएनएफ, म्हैस, सकाळ):

ही एक तारका असती तर संध्याकाळच्या म्हशी गाई झाल्या नसत्या. माझी घसरगुंडी पहिल्या सकाळीच, पहिल्या किटलीला उघडी पडली असती. नाव घेण्याचा सल्ला देणं वेगळं आणि नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ न देणं वेगळं. सल्ला माणूस घाईत विसरतो.

मित्रांचे आक्षेप आता घेतो. पहिला आक्षेप टायपिंगचा, तो मी गंभीरपणे घेत नाही. एडिटर अर्धं नाव लिहिलं की उरलेलं स्वतःच भरतो. दुसरा त्याच्याच उलट: 'एडिटर हल्ली नावं शेजारी करड्या अक्षरांत दाखवतोच, मग लिहायची कशाला?' दाखवतो, तुमच्या पडद्यावर. पण रात्री साडेअकराला संस्थेतून फोन येतो, तुम्ही एसटीत असता आणि मोबाइलवर कोड उघडता, तेव्हा नाही दाखवत. कुणी केलेला बदल तपासताना हिरव्या-लाल ओळी समोर येतात, तिथंही बहुतेक वेळा नाही. परीक्षेच्या पेपरात तर नाहीच.

तिसरा आक्षेप खरा आहे. नाव घ्यायला लावलं की ते नाव करार होतं. आज मी 'एसएनएफ' म्हटलं, उद्या ते बदलावंसं वाटलं तर ज्यांनी ज्यांनी ते नाव वापरलं त्यांचे सगळ्यांचे प्रोग्राम मोडतात. क्रमानं देत असते तर आतलं नाव मी कसंही बदललं असतं. ही किंमत खरीच आहे, आणि ती ओळखूनच पायथन 3.8 मध्ये, 2019 साली, तारकेची उलट खूण आली: तिरकी रेघ, जिच्या आधीच्या किमती नावानं देताच येत नाहीत. मला ही सोय पटते, माझ्या भाकरीच्या नियमाशी ती जुळते. तरी मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्नसारख्या मोठ्या लायब्ररीनं काय केलं ते पाहा. जगभर वापरली जाणारी, तिच्या एकेका फंक्शनला डझनभर किमती. 2020 मध्ये त्यांनी बहुतेक ठिकाणी 'नाव न घेता देऊ नका' असा इशारा द्यायला सुरुवात केली, आणि 2021 च्या 1.0 आवृत्तीत ते सक्तीचं केलं. जुना कोड मोडणार हे माहीत असून. नाव बदलण्याचं स्वातंत्र्य गेलं तरी चालेल, पण कोण काय देतंय ते दिसलं पाहिजे, असा तो कौल होता. माझाही तोच आहे.

चौथा आक्षेप माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा आणि मला तो सगळ्यांत टोचतो. त्यांचं म्हणणं, 'तुझ्या फंक्शनला सहा किमती लागतात हाच रोग आहे, नावं लावणं म्हणजे रोग्याला चांगला सदरा घालणं.' बरोबर आहे. चौदा किमती घेणारं फंक्शन नावं लावून शहाणं होत नाही. आणि खरं सांगायचं तर दुधाच्या प्रकरणात म्हैस हे खरं-खोटं ठेवणं हीच मूळ चूक. जनावर आणि वेळ असे दोन वेगळे प्रकार केले असते, तर नावाशिवायही अदलाबदल पकडता आली असती. जावावाल्यांना नावाची सोय नाही, ते हाच रस्ता धरतात. माझं एवढंच म्हणणं की रोग बरा होईपर्यंत सदरा लागतो, आणि बहुतेक कोडचा रोग कधी बरा केला जात नाही. एकानं लिहिलेलं तीन वर्षांनी दुसऱ्याच्या हाती जातं, तो त्याला हात लावायला घाबरतो, आणि त्यावर नवी ओळ चढवतो.

म्हणून हा मला केवळ आमच्या धंद्याचा प्रश्न वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात किती घरांचं दहा दिवसांचं गणित दुधाच्या चिठ्ठीवर चालतं, ऊस उत्पादकाचं वर्षाचं गणित वजनकाट्याच्या पावतीवर, हे सांगायला नको. पूर्वी ही गणितं वहीत होती. वहीला रकाने होते, रकान्यांना मथळे होते, आणि न पटलं तर सभासद वहीवर बोट ठेवून भांडू शकत होता. सहकाराची अर्धी ताकद त्या बोटात होती. आता गणित कोडमध्ये गेलं आणि मथळे गळून पडले. लेखापरीक्षक चिठ्ठ्या तपासतो, ती चिठ्ठी बनवणारी ओळ कुणी तपासत नाही. तपासायला गेला तरी ट्रू, फॉल्स वाचून त्याला काय कळणार? सहकारी संस्थांनी, नगरपालिकांनी सॉफ्टवेअर घेताना दराबरोबर एक अट घालावी: पैशाचा हिशेब करणाऱ्या ओळी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात, धंदा जाणणाऱ्या पण प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवता याव्यात. खर्च जवळपास शून्य.

कॉलेजांचंही तसंच. मी इथल्या कॉलेजांत अधूनमधून शिकवायला जातो. प्रयोगशाळेत आउटपुट बरोबर आलं की सही मिळते. कोड कसा वाचला जाईल हे कुणी विचारत नाही, कारण तो सहीनंतर कुणी वाचणारच नसतो. मी एकदा वर्गात फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली, फंक्शनची व्याख्या न दाखवता, आणि विचारलं की हिच्यात काय चाललंय. पोरं हसली. 'सर, वरचं दाखवल्याशिवाय कसं सांगणार?' हाच प्रश्न पेपरात यावा असं मला वाटतं, पाच गुणांना. ओळ नावानिशी लिहून द्या, आणि एकदा नावं काढून द्या, आणि विचारा की कुठल्या ओळीतली चूक तुम्हाला पकडता येते आणि कुठल्या ओळीतली येत नाही.

आजींच्या प्रकरणानंतर मी संस्थेत जाऊन सगळ्या ओळी नव्यानं लिहिल्या. सचिव, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, शेजारी खुर्ची ओढून बसले होते. कोडचा त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण नावं समोर होती, तर वाचायला लागले. सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, बोट पडद्यावर सरकत होतं. म्हैस बरोबर ट्रू, नाहीतर फॉल्स, इथं ते थांबले.

"म्हंजे म्हैस न्हाई तर गाय, असंच न्हवं?"

"होय अण्णा."

"मग मिक्स दूध कुठं घालायचं?"

मी पडद्याकडं बघत राहिलो. इतके दिवस त्या गावातलं मिक्स दूध माझ्या प्रोग्रामनं कुठं घातलं होतं, ते शोधायला मला पुन्हा दोन तास लागले.